दिवसभर लोकांचे अंगठे घेतो. या कामात मन कसं लावायचं?

चोपडेकर_ऑपरेटर :
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लाईट गेलीय आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतोय म्हणून मोबाईलवर टाईप करतोय, चुका सांभाळून घ्या.

जळगाव जिल्ह्यात चोपड्याला स्टँडजवळ माझं ऑनलाईन कामांचं छोटं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा फॉर्म, पीएम किसानची केवायसी, आणि आता नोव्हेंबर लागला म्हणजे पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. नऊ वर्षं झाली. बी.कॉम. झाल्यावर पुण्याला जायचं पक्कं होतं, तेवढ्यात बाबांना लकवा मारला आणि राहून गेलो, त्याचं रडगाणं नाही. घर चालतं, बाईक आहे, डोक्यावर कर्ज नाही.

पण काम काय, तर अंगठा ठेवा, दाबा, उचला, पुसा, परत ठेवा. आपल्याकडचा अंगठा मशीनला पटकन लागत नाही हे ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल. कापूस वेचणीच्या दिवसांत तर बघायलाच नको, सुकलेल्या बोंडाची टोकं रोज टोचून टोचून बायांची बोटं अशी झालेली असतात की रेषा म्हणून काही दिसतच नाही, केळीत काम करणाऱ्यांची बोटं चिकाने काळी पडलेली, गवंड्यांची सिमेंटने खाल्लेली. मग माझे उपाय सुरू. ओल्या रुमालाला पुसा, कपाळावर घासा, केसांवरून फिरवा म्हणजे तेल लागतं, अंगठा नाही तर तर्जनी, तर्जनी नाही तर दुसरा हात. दहा बोटं झाली तरी कधीकधी लाल अक्षरात तेच येतं. चेहऱ्यानेही होतं आता, पण म्हाताऱ्या माणसाला डोळे मिचकावा म्हटलं की ते दोन्ही डोळे मिटून देव आठवत बसतात.

मागच्या आठवड्यात एक बाबा आले होते, धोतर-टोपीवाले. पाच-सहा वेळा झालं, लागेना, मागे रांग, माझा आवाज चढला. "बाबा नीट दाबा ना, सगळे थांबलेत." ते शांतपणे म्हणे, "अंगठा कोठे पळी जाई राहिना भो?" रांगेतले सगळे हसले, मीही हसलो. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं, काम झालं, गेले. तासाभराने कोणीतरी दारात उभं राहिलं. मी न बघताच विचारलं, काय काम आहे बाबा. तर ते म्हणे, पिशवी राहिली. तेच बाबा होते. मी त्यांचा हात धरून वीस मिनिटं बसलो होतो आणि तासाभरात मला त्यांचा चेहरा ओळखता आला नाही.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पुण्याच्या मित्राला सांगितलं तर त्याने माइंडफुलनेसचं ॲप पाठवलं. रात्री हेडफोन लावून पावसाचा आवाज ऐकत बसलो आणि पाच मिनिटांत आठवलं की मामाचा वेचलेला कापूस अजून वावरातच पडलाय. असल्या पावसाने आपल्याला कुठून शांती लागायची. रविवारी उनपदेवला जाऊन आलो, गरम पाण्याच्या झऱ्याशी बसलो, सातपुडा बघितला, बरं वाटलं, पण सोमवारी सकाळी शटर वर केलं की परत तेच.

तर विचारायचं एवढंच की तुमच्यापैकी कोणाला रोजच्या त्याच त्या कामात काही गवसलंय का? सुट्टी घेऊन डोंगरात जा असं नका सांगू. पहाटे उठा असंही नका सांगू, पहाटे उठतोच, नळ तेव्हाच येतो.

कीमन_भुसावळ :
भाऊ, मी रेल्वेत कीमन आहे, गावाकडे चाबीवाला म्हणतात. काम सांगतो म्हणजे तुमचं तुम्हाला हलकं वाटेल. रूळ स्लीपरला धरून ठेवायला क्लिप असते, तिलाच आम्ही चाबी म्हणतो. किलोमीटरला १६६० स्लीपर, एका स्लीपरला चार क्लिपा. माझ्याकडे सहा किलोमीटर आहे, करा हिशोब, चाळीस हजाराच्या आसपास जातं. खांद्यावर हातोडा आणि पाना, सोबत लाल-हिरवी झेंडी, आणि धोका असला तर गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके. जाताना एका रुळाकडे बघत जायचं, येताना दुसऱ्या. उद्या परत तेच, परवा परत तेच.

पहिली दोन वर्षं मी पण तुमच्यासारखाच होतो. पाय चालायचे, डोकं घरी. मेट, म्हणजे आमच्या गँगचा मुकादम, म्हणायचा, तू रूळ बघून नाही राहिला, रुळावरून जाऊन राहिला. मला काही फरक कळायचा नाही.

फरक कळला तो टिटवीमुळे. मे महिना होता, आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको, हवा ४४-४५ ला गेली की रूळ साठच्या वर जातो, बुटातून चटका लागतो. त्या खडीत टिटवीने अंडी घातली होती. घरटं वगैरे काही नाही, चार अंडी नुसती खडीत ठेवलेली, रंग असा की हातभर अंतरावरून दिसत नाहीत. मला दिसली कारण टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, मी थांबलो, खाली बघितलं आणि माझा बूट अंड्यांपासून वीतभर लांब होता. म्हणजे मी किती दिवस तिथूनच जात होतो आणि मला पत्ता नव्हता.

मग रोज ती जागा आली की आपोआप पाऊल हळू व्हायचं. गंमत म्हणजे तिथे हळू झालं की त्याच्या पुढचे शंभर-दोनशे स्लीपर पण नीट दिसायचे. हातोड्याचा आवाज पण तेव्हाच ऐकू यायला लागला. घट्ट क्लिप ठण्ण वाजते, सैल असली की ठप्प. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण कानाला कळलं दोन वर्षांनी. गाडी आली की टिटवी उठायची नाही, वरून आख्खी मालगाडी जायची, ती बसलेलीच. मी बाजूला झेंडी धरून उभा, ती तिकडे बसलेली, दोघं आपापल्या ड्युटीवर.

पिल्लं निघाली की नाही माहीत नाही. चार दिवस गावाला गेलो, परत आलो तर जागा रिकामी.

अर्थबिर्थ मला सांगता येणार नाही. तुमच्या दुकानात टिटवी कुठली ते तुम्हीच बघा.

रोखठोक_धुळे :
कीमन दादा, लिहिलंय भारी. पण मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका.

मी एका कारखान्यात सुपरवायझर आहे, नाव नको. मागच्या वर्षी एचआरने माइंडफुलनेसचा ट्रेनर आणला. सगळ्यांना एकेक मनुका दिला आणि दहा मिनिटं तो हातात धरा, बघा, वास घ्या, मग हळूच जिभेवर ठेवा. आमच्या एका पॅकिंगवाल्याने विचारलं, साहेब बाकीचा डबा कधी? सगळे हसले, ट्रेनर पण हसला, चांगला माणूस होता. पुढच्या महिन्यात जेवणाची सुट्टी दहा मिनिटांनी कमी झाली. तीच दहा मिनिटं असावीत बहुतेक.

तर चोपडेकर भाऊ, तुमचं मन लागत नाही त्याला कारण मन नाहीये, रांग आहे. एकटा माणूस दहा तास लोकांची बोटं दाबतोय, त्याला चेहरे कसे लक्षात राहतील? एक पोरगा ठेवा हाताखाली. टोकन द्या. बाहेर बाकडं टाका. चार ते साडेचार दुकान बंद ठेवा आणि चहा प्या. आधी हे करा आणि मग टिटवी शोधा.

चोपडेकर_ऑपरेटर :
पोरगा परवडत नाही दादा, एका दाखल्यामागे काय सुटतं ते माझं मला माहीत. टोकनचं मात्र डोक्यात आलं नव्हतं. जुने व्हिजिटिंग कार्ड पडलेत शंभरेक, मागे नंबर टाकतो.

रावेरची_वहिनी :
मी डी.एड. केलेली, नोकरी लागली नाही, लग्न झालं आणि केळीच्या बागेत आली. बागेत आली म्हणजे फिरायला नाही, पील कापायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, केळीच्या बुंध्याशी सारखी पिल्लं फुटत राहतात, ती वेळेवर कापावी लागतात नाहीतर मोठ्या झाडाचं खाणं खातात. पीलबाग, म्हणजे त्याच बुंध्यावर पुढचं पीक, धरायची असली तर त्यातलं एकच चांगलं ठेवायचं, बाकीची कापायची. हजारो झाडं, वाकून वाकून तेच. चिकाचे डाग कपड्यावरून आयुष्यात निघत नाहीत, माझे तीन गाऊन त्याच कामाचे वेगळे ठेवलेत.

मला सुरुवातीला इतका कंटाळा यायचा की मी कानात हेडफोन घालून जायची. स्पर्धा परीक्षेचे लेक्चर ऐकायची, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. एक दिवस चालू घडामोडी ऐकता ऐकता एका ओळीतली ठेवायची पिल्लंच कापून टाकली आणि नको ती ठेवली. सासऱ्यांनी बघितलं. एक शब्द बोलले नाहीत, नुसते त्या ओळीतून शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

हेडफोन घरी राहिला तेव्हा मला कळलं की बागेत आवाज किती असतो. नवीन पान सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं ना, पोंगा म्हणतो आम्ही, तो उन्हाळा-पावसाळ्यात आठवड्याला एक उलगडतो, थंडी पडली की त्याला जास्त दिवस लागतात. मी आता पानं बघून सांगू शकते की थंडी किती झाली, मोबाईलमधलं हवामान बघायची गरज नाही. तीसेक पानं होतात तेव्हा कुठे झाड निसवतं, म्हणजे केळफूल बाहेर पडतं, आणि निसवायच्या आधी वरचं पान लहान येतं, आखूड. ते आखूड पान सगळ्यात आधी कोणाला दिसतं यावरून माझी आणि सासऱ्यांची पैज असते. ते बहुतेक जिंकतात, मागच्या महिन्यात मी दोनदा जिंकली.

पण हेही सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल वहिनीला बागेतच समाधी लागली. दोन वर्षांमागे जूनच्या तोंडावर वादळ आलं, पंधरा-वीस मिनिटं असेल, निम्मी बाग आडवी, घड कापणीला आठ दिवस राहिलेले. त्या दिवशी पोंगा नाही, पैज नाही, मी बांधावर बसून नुसती रडली. त्यात काही शिकण्यासारखं होतं असं कोणी मला सांगितलं असतं तर विळा फेकून मारला असता.

अमळनेरचे_मास्तर :
वहिनी, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ओरडले नाहीत हे फार अवघड काम केलं त्यांनी. मी ३४ वर्षं मास्तरकी केली, मला जमलं नाही कधी.

धुळेकर, तुमच्या मनुक्याचं मूळ सांगतो. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला, मनुका तिथला. म्हणजे औषधाने ज्यांचं दुखणं जात नव्हतं अशा लोकांसाठी ते होतं, जेवणाची सुट्टी कापण्यासाठी नव्हतं. आणि त्याच्या मागे जाऊ तर शब्द आहे पालीतला, सति. संस्कृतात स्मृती. इंग्रजांनी त्याचं माइंडफुलनेस केलं आणि ते ॲपमधून फिरून आपल्याकडे परत आलं. सति म्हणजे मुळात आठवण. हातात काय आहे, समोर कोण आहे, याची आठवण असणं. आपल्या मराठीत याला सरळ शब्द आहे, भान. आमची आई म्हणायची, "भान ठेव रे, दूध उतू जातंय." तिने डोळे मिटून ध्यान केल्याचं मला तरी आठवत नाही, पण दूध तिचं कधी उतू गेलं नाही. माझं जातं, रिटायर झाल्यापासून दूध माझ्याकडे आहे.

आमच्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान! तरुणपणी मला त्याचा फार अभिमान होता, तेव्हा मी कामाचा अर्थ, जीवनाचा अर्थ असं बरंच बोलायचो. आता तो शब्द आला की जरा सावध होतो. अर्थ शोधायला निघालेला माणूस समोरच्या वस्तूकडे बघायचं सोडून तिच्या पलीकडे बघायला लागतो, आणि तिथेच फसतो. वह्या तपासताना माझं तेच व्हायचं. राष्ट्र घडवतोय या विचारात असायचो आणि एका मुलाने सलग तीन दिवस एकच निबंध उतरवून दिलेला मला कळला नाही.

थोडं विषयांतर करतो. अजिंठ्याला सगळे रंगीत लेणी बघायला जातात. तुम्ही जाल तेव्हा चोवीस नंबरचं बघा, ते अर्धवट राहिलेलं आहे. लेणं वरून खाली कोरत यायचे, आधी छत, मग खांब, शेवटी जमीन, त्यामुळे अर्धवट लेण्यात काम कुठवर आलं होतं ते दिसतं. छिन्नीचे घाव तसेच आहेत. मी रिटायर झाल्यावर तिथे अर्धा तास बसलो होतो, गार्ड दोनदा येऊन विचारून गेला, बाबा बरं वाटतंय ना. ज्याने ते घाव घातले त्याला पूर्ण लेणं कधी दिसलंच नाही, त्याच्या पुढ्यात रोज हातभर दगड. खाली वाघूर नदी वळसा घालून जाते. पावसाळ्यात भिक्खू फिरणं थांबवून एका जागी राहायचे, वर्षावास म्हणायचे त्याला, तेव्हा हीच नदी कानाशी वाजत असणार. पुढे तीच वाघूर आपल्या जिल्ह्यात येते, धरणात अडते, जळगावकर ते पाणी पितात, उरलेलं तापीला जातं. चोपडेकर, तुमचा तो पहाटेचा नळ कुठल्या नदीचा आहे ते एकदा बघा हो. मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारायचो, निम्म्यांचं उत्तर असायचं, "नगरपालिकेचा."

सिस्टर_धडगाव :
मी सातपुड्यात उपकेंद्रावर नर्स आहे. मास्तरांसारखं मला लिहिता येत नाही, बोटांबद्दल मात्र एक सांगायचंय, कारण इतक्या वेळात कोणीच ते सांगितलं नाही.

बोटांच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्क्या झालेल्या असतात. त्यांचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं. कापूस, सिमेंट, चुना, भांड्याची राख, यांनी झिजतो तो फक्त वरचा थर. खोल जखम किंवा भाजलेलं नसेल तर हात कामातून थोडे आठवडे सुटला की तीच रेषा, तशीच, परत वर येते. वयाने कातडी सैल आणि कोरडी होते तो भाग वेगळा. तेव्हा "तुमच्या रेषाच नाहीत" असं बायांना म्हणू नका प्लीज, आमच्याकडे एक बाई घाबरून आली होती, तिला वाटलं नशीबच पुसलं गेलं. रेषा आहेत, कामाखाली दबल्यात.

आणि रात्री झोपताना खोबरेल तेल चोळायला सांगा, सकाळी येताना हात धुवून यायचं. ऐनवेळी तेल लावलं तर मशीनची काच खराब होते, ते तुम्हाला माहीत असेलच.

मन लावायचं म्हणाल तर मी पण रोज बाळांची वजनं करते, ती पण आकडेच असतात. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात आणि वेचतात, एकेक फूल, बोलत नाहीत फारसं. पाड्यावर लसीकरणाला मी सकाळी लवकर पोचले की आधी झाडाखाली जाऊन बसते, कारण बाया तिथेच असतात, बाळं पण तिथेच झोळीत. एकदा सहज मी पण वेचायला लागले. एक आजी म्हणाली, सिस्टर, तू भरभर वेचतेस, खालची माती पण घेतेस. तेव्हापासून वजन करताना काटा थांबेपर्यंत मी बाळाकडे बघते, आधी काट्याकडे बघायचे. एवढाच बदल. वेळ तेवढाच लागतो.

चोपडेकर_ऑपरेटर :
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, शेवटची तारीख जवळ होती.

सगळ्यांना वाचलं, काही दोन-दोनदा. काय केलं ते सांगतो. टोकन सुरू केलं, धुळेकर दादांचे आभार, रांग आता बाकड्यावर बसते, माझ्या डोक्यावर नाही. मशीन काउंटरवर उंच होतं, म्हाताऱ्यांना हात वर करून ताणून ठेवावा लागायचा, ते खाली स्टुलावर घेतलं. नऊ वर्षांत हे सुचलं नाही, कारण मी कधी पलीकडच्या बाजूला जाऊन बसलोच नव्हतो. आता हात आपोआप सैल पडतो आणि निम्म्या लोकांचं पहिल्या-दुसऱ्या वेळीच होतं.

सर्व्हर फिरत असतो तेव्हा आधी मी मोबाईल काढायचो. आता समोर हात असतो तो बघतो. विचारतो, कशाचं काम. एक काका म्हणे ओळखा. तळहाताला कडेने घट्टे होते, अंगठ्याच्या बुडाशी एक सरळ जुना व्रण. मी म्हटलं न्हावी? ते हसले, चाळीस वर्षं सुतारकी. व्रण पटाशीचा. दुसऱ्या एका बाईच्या हाताला मस्त वास येत होता, विचारलं तर म्हणे बुचाची फुलं, तुमच्याच दारात तर पडलीत. स्टँडच्या कुंपणाशी ते झाड आहे, उंच, पांढऱ्या फुलांचा सडा पडतो खाली. मी रोज त्यावरून बाईक नेऊन लावतो.

रोज जमतं असं नाही. चार दिवस जमलं, मग शेवटच्या तारखेला सर्व्हर डाऊन, बाहेर चाळीस माणसं, आणि मी परत एका आजोबांवर खेकसलो. धोतरवाले बाबा काही परत आले नाहीत. त्यांचं गाव माझ्याकडे फॉर्मवर आहे, पण जाऊन काय सांगणार.

मास्तर, नळ तापीचा आहे. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला विचारलं. तो म्हणे का, गढूळ आलं का?

आणि सिस्टर, तुमचं सांगायचंच राहिलं. काल एक मावशी आल्या, दरवर्षी येतात, दरवर्षी त्यांची दहाही बोटं नापास. मी आधीच रुमाल ओला करून ठेवला होता. अंगठा ठेवला आणि पहिल्याच वेळी हिरवं आलं. मी म्हटलं, मावशी, एवढ्यात वावरात गेल्या नाहीत का? त्या चमकल्याच, म्हणे तुले कोणी सांगितलं? लेकीच्या बाळंतपणाला सुरतला गेल्या होत्या, दीड महिना, परवाच आल्या.

कीमन_भुसावळ :
वा भाऊ. मुलगा झाला का मुलगी?

चोपडेकर_ऑपरेटर :
अरे यार. विचारलंच नाही. टोकन नंबर सतरा आत येऊन बसला होता.